मेलेला उंदीर सापडलाच नाही

आमच्या घरात अंडंही शिजत नाही. त्यामुळे गेल्या एप्रिलमध्ये स्वयंपाकघरात सुकट भाजल्यासारखा वास यायला लागला, तेव्हा कुठंतरी उंदीर मेलाय यावर सगळ्यांचं एकमत झालं. फ्रीज ओढला, गव्हाची कोठी सरकवली, माळ्यावरची पितळी भांडी खाली काढली. एक वाळलेली पाल आणि दोन हरवलेले चमचे मिळाले. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लागोपाठ तीन संध्याकाळी ऊद जाळला. उदात तो वास मिसळून घरात तिसरंच काहीतरी तयार झालं.

चौथ्या दिवशी रविवार. दिवसभर घरातच होते म्हणून लक्षात आलं की वास सकाळी सात ते नऊ असतो, दुपारी नसतो, आणि दिवे लागले की परत येतो. मेलेला उंदीर असं वेळापत्रक पाळत नाही. त्या वेळेला आमच्याकडे काय चालू असतं? इंडक्शन शेगडी. गॅस पुरवायचा म्हणून दूध, भात, आत्याबाईंचं अंघोळीचं पाणी, सगळं तिच्यावर. मी शेगडी बंद केली, बटण बंद केलं आणि पिन ओढली. पिन निघेना. हलवून हलवून काढली तर हाताला चटका बसला. सॉकेटच्या उजव्या भोकाभोवती चहाच्या कपाचा डाग पडतो तसलं तपकिरी कडं होतं, आणि नाक जवळ नेलं तर आमची सुकट तिथंच भाजत होती.

बोर्डाचं प्लास्टिक किंवा बॅकेलाईट तापलं की कधीकधी असा मासळीसारखा वास सुटतो. हे मला आमच्या वायरमन चाचांनी नंतर सांगितलं. पण लाज वाटायची गोष्ट वेगळीच. मी शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. विद्युतधारेनं उष्णता कशी निर्माण होते, धारेचा वर्ग गुणिले रोध गुणिले वेळ, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. पोरांना गणितं घालते. आणि ते गणित माझ्याच ओट्याशेजारी तीन दिवस सुटत होतं.

आता घराचं सांगायला पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा माझे सासरे लातुरातल्या जुन्या दगडमातीच्या घरात झोपलेले होते. घर पडलं नाही, पण त्यांची झोप कायमची गेली. पुढं तीन वर्षांनी त्यांनी कर्ज काढून हे कॉलम-बीमचं घर बांधलं. कॉलममध्ये किती सळ्या आहेत हे ते पाहुण्यांना पाठ म्हणून दाखवायचे. वायरिंगचं मात्र कुणालाच काही पाठ नव्हतं. १९९६ साली घरात ट्यूबलाईट, चार पंखे, टीव्ही, मिक्सर आणि इस्त्री, एवढाच संसार. नंतर फ्रीज आला, गीझर आला, वॉशिंग मशीन, पाण्याचं फिल्टर, दोन कुलर, इन्व्हर्टर आणि शेवटी ही शेगडी. भिंतीतली तार तीच राहिली. सॉकेट जुनंच, ६ अँपिअरचं. शेगडीची पिन जाड, १६ अँपिअरची, ती त्या सॉकेटात जाईना, म्हणून ह्यांनी बाजारातून एक कन्व्हर्टर आणला आणि प्रश्न मिटवला. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढते. भागाकार आठवीतलं पोरगंही करील.

तेवढ्यात ह्यांनी मेन स्विच पाडला आणि पेचकस घेऊन बोर्डाचा स्क्रू फिरवायला घेतला. मी चाचांना फोन लावलेला होता. चाचा म्हणजे आमच्या गल्लीपलीकडचे वायरमन, परवानाधारक, साठी उलटलेली, शहरातल्या अर्ध्या घरांच्या भिंतीत काय आहे हे त्यांना ठाऊक. मी सांगितलं, मेन बंद केलाय, हे उघडायलेत. फोनवर चाचा एकदम ओरडलेच.

"मॅडम, पंखा फिरायलाय का बंद पडलाय?"

मी वर बघितलं. स्वयंपाकघरातला पंखा गरागरा फिरत होता.

"मग मेन कुठं बंद झालाय! इन्व्हर्टर चालू आहे की. सरांना म्हणावं हात काढा."

लोडशेडिंगच्या दिवसांत आमच्या भागात घरोघरी इन्व्हर्टर आले, आणि एकाच बोर्डात मेनची तार आणि इन्व्हर्टरची तार शेजारीशेजारी आल्या. मेन पाडला की बोर्ड मेला असं आपण धरून चालतो. तो अर्धा जिवंत असतो. ह्यांनी पेचकस खाली ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

चाचा दुसऱ्या दिवशी सकाळी आले. आधी इन्व्हर्टर, मग मेन, मग टेस्टर, मग परत मल्टिमीटर. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे तार मेली असं ते मानत नाहीत. मग बोर्ड उघडला. सॉकेटच्या मागचा स्क्रू त्यांनी बोटानंच फिरवला, दीड फेरा सहज फिरला. त्यात अडकवलेली तांब्याची तार काळी पडलेली. तिच्यावरचं आवरण त्यांनी नखानं दाबलं तर ते कुरडईसारखं कडकड मोडून ओट्यावर सांडलं.

"बघा, स्क्रू ढिला. ढिला म्हणून तापतं. तापलं की पितळेची पट्टी ढिली पडते. मग अजून तापतं."

मनातल्या मनात मी हिशेब केला. सांध्यात अर्धा ओहम रोध तयार झाला आणि त्यातून पावणेनऊ अँपिअर गेले, तर तिथं जवळपास ३८ वॅट उष्णता. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातली सोल्डरिंगची कईया एवढीच असते. म्हणजे आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास भिंतीत एक तापलेली कईया खोचून ठेवत होतो.

"पण एमसीबी का पडला नाही?" ह्यांनी विचारलं. हा प्रश्न मलाही पडला होता.

"त्यानं कशाला पडावं? तो १६ चा. तुमचं जायलंय नऊ. त्याला काय माहीत ते नऊ कुठं रगडून जायलेत."

एमसीबी तारेतून जास्त धारा गेली किंवा शॉर्ट झालं तर पडतो. ढिला सांधा त्याला दिसत नाही. आमच्या घरात त्याचा एवढा भरवसा होता, की एमसीबी पडत नाही म्हणजे सगळं ठीक, असाच समज. खरं तर आमच्याकडे गडबड दाखवणारी यंत्रं वेगळीच होती: नाक, हाताचा तळवा आणि कान.

एवढं करून चाचा जातील असं मला वाटलं होतं. त्यांनी चहा घेतला आणि मला म्हणाले, "आता घर दाखवा." मी वही घेतली. त्यांच्या तपासण्याची पद्धत मजेशीर. "काय बिघडलंय" असं ते विचारतच नाहीत. प्रत्येक बोर्डासमोर उभं राहायचं आणि विचारायचं, "हे कसं लावता?"

आणि आम्ही सांगायला लागलो. हॉलमधलं टीव्हीचं सॉकेट: पिन लावायची आणि तिच्याखाली लग्नपत्रिकेचा तुकडा घडी करून खोचायचा, नाहीतर ती लोंबते. ट्यूबचं बटण: दाबून जरा वर रेटायचं, मग लागतं. झोपायच्या खोलीत चार्जर डाव्या सॉकेटला लावायचा नाही, उजव्याला लावायचा, आणि मोबाईल खाली ठेवताना वायर हलू द्यायची नाही. व्हरांड्याचं बटण पावसाळ्यात लावायचं नाही. न्हाणीच्या बाहेरचं बटण आत्याबाई काठीनं लावतात. तिथं खुंटीला जुन्या लाटण्याचा एक तुकडाच टांगलेला आहे, त्याच कामासाठी.

बोलता बोलता मला माझंच ऐकू यायला लागलं. ह्यातली एकही गोष्ट "बिघाड" म्हणून आमच्या डोक्यात नव्हती. त्या घरच्या रीती होत्या. मी सून म्हणून आले तेव्हा मला जसं देवघरातल्या समईची वात कुठली ते सांगितलं, तसंच ट्यूबचं बटण वर रेटायचं हेही सांगितलं होतं. पुण्याहून लेक आला की पहिल्या दिवशी चुकतो, दुसऱ्या दिवशी त्याच्याही बोटांना ते आठवतं. चाचा मात्र प्रत्येक रीतीला वहीत एक फुली मारायला लावत होते. अकरा बोर्डांवर नऊ फुल्या.

टीव्हीच्या सॉकेटातल्या पट्ट्यांची पकड गेली होती. पिन घट्ट बसत नसेल तर सॉकेट बदलायचं, कागद खोचून भागवायचं नाही. कागद म्हणजे ठिणगीला सरपण. ट्यूबच्या बटणात आतली स्प्रिंग संपलेली. बटण दाबल्यावर टक्क असा एकच आवाज यावा; आमचं चर्र करून मग लागायचं. चाचांनी ते काढून मला दाखवलं: ज्या दोन ठिपक्यांनी एकमेकांना टेकायचं, त्यातला एक खाऊन खड्डा पडलेला.

झोपायच्या खोलीचं प्रकरण मला सगळ्यात आवडलं. तिथला एलईडी बल्ब बटण बंद केल्यावरही काजव्यासारखा मिणमिणायचा. आम्ही त्याला फुकटचा नाईट लॅम्प समजत होतो. चाचांनी बटण बंद करून होल्डरमध्ये मीटरची काडी लावली, फेज, म्हणजे करंट आणणारी तार, तशीच जिवंत. कुणीतरी कधीतरी बटण फेजवर न टाकता न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर, टाकलं होतं. म्हणजे बटण बंद, बल्ब जवळजवळ बंद, आणि होल्डरमध्ये पूर्ण करंट. मागच्या दिवाळीत मी स्टुलावर चढून, बटण बंद करून, ओल्या फडक्यानं तो होल्डर पुसला होता. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आता लिहितेय. मिणमिणण्याला दुसरीही कारणं असतात, बटणात छोटा इंडिकेटर असला तरी काही एलईडी तसे मिणमिणतात, पण ते मीटर लावल्यावर ठरवायचं.

व्हरांड्यातल्या वापरात नसलेल्या सॉकेटात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं निघालं. पूर्ण भोकं लिंपलेली, सुबक. आतल्या पट्ट्यांना हिरवा गंज. ओली माती असताना पिन घातली असती तर काय झालं असतं, यावर चाचा फक्त "अल्ला" म्हणाले.

न्हाणीजवळच्या भिंतीत गच्चीच्या पाइपातून पाणी झिरपत होतं. बटणाला हात लावला की झिणझिण्या येतात हे आत्याबाईंनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं आणि आम्ही "तुमचे हात ओले असतील" म्हणून सोडून दिलं होतं. त्यांनी स्वतःपुरता लाटण्याचा उपाय काढला. त्या दिवशी चाचांसमोर त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या आमच्याकडे बघत होत्या. इथं बटण बदलून उपयोग नव्हता. आधी पाइप, मग भिंत वाळणं, मग बोर्ड दुसऱ्या कोरड्या भिंतीवर.

सगळ्याच गोष्टींना फुली बसली नाही, हेही सांगते. मिक्सर चालू असताना बटण बंद केलं की फटीतून बारीक निळी ठिणगी दिसायची, मला तिची फार भीती होती. चाचा म्हणाले, चालू लोड तोडला की एवढी ठिणगी पडतेच. ती मोठी, पिवळी, आवाज करणारी व्हायला लागली तर बोलवा. पंख्याचा रेग्युलेटर किंचित कोमट, चालतं. चार्जरचा डबा कोमट, चालतं. पण पिन काढल्यावर सॉकेटची पाटीच कोमट लागली तर नाही चालत. आणि एकाच खोलीत दिवा लुकलुकला तर त्या बोर्डात, त्या होल्डरमध्ये शोधायचं. सगळ्या घरात एकदम मंद-प्रखर व्हायला लागलं तर बोर्ड उघडत बसू नका, न्यूट्रल मीटरपाशी किंवा बाहेर डांबावर, डीपीवर ढिला असू शकतो. अशा वेळी व्होल्टेज चढून फ्रीज-टीव्ही जळतात. मेन पाडायचा आणि वीज कंपनीच्या १९१२ या नंबरला फोन करायचा. मीटरच्या पलीकडे आपण हात घालायचा नाही, चाचाही घालत नाहीत.

मग राहिली अर्थिंग. कुलरला हात लावला की कधीकधी करंट मारायचा. आमच्याकडे उन्हाळ्यात कुलरनं माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, त्यामुळे आम्ही कुलरमध्ये पाणी घालताना पिन काढतो, एवढी एक चांगली रीत घरात होती. कुलरच्या सॉकेटाच्या वरच्या मोठ्या भोकात तारच नव्हती. तीन भोकांचं सॉकेट, दोन तारा. बाकीच्या बोर्डांना हिरवी तार होती, ती मागच्या अंगणातल्या खड्ड्यापर्यंत जातही होती.

चाचांनी घरातल्या सगळ्या पिना काढायला लावल्या, सगळ्यांना लांब उभं केलं आणि १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब फेज आणि अर्थच्या मध्ये जोडला. (ही परीक्षा घरी करू नये. अर्थिंग खराब असेल तर तेवढा वेळ अर्थला जोडलेल्या प्रत्येक धातूवर करंट उतरतो.) बल्बची तार नुसती लालसर झाली, विझत्या निखाऱ्यासारखी.

"खड्ड्यात पाणी कधी घातलं होतं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. अर्थिंगला पाणी घालायचं असतं हे ह्यांना ऐकून माहीत होतं. पण २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून ज्या गावानं तहान भागवली, तिथं घागरभर पाणी जमिनीत ओततो म्हणणाऱ्याला घरच्यांनीच खोलीत कोंडलं असतं. काळी माती उन्हाळ्यात वाळून हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाइपापासून माती सुटते, आणि करंटला जमिनीत उतरायला वाटच राहत नाही. चाचांनी दोन बादल्या मागितल्या. आत्याबाई म्हणाल्या, "एप्रिलात?" पण दिल्या. पाणी मुरायला वेळ दिला, परत बल्ब जोडला. या वेळी तो पिवळा झाला. भगभगीत नव्हे, पण पिवळा. मी दहावीच्या वर्गात इतकी वर्षं प्रयोग करून दाखवले, पण असा एकही दाखवला नव्हता.

सामान आणायला मी स्वतः गंजगोलाईला गेले. सोळा रस्ते जिथं येऊन मिळतात तिथं कुठल्या रस्त्यानं आपण आलो हेच मी अजून विसरते. दुकानदारानं आधी चकचकीत, हलकी, स्वस्त बटणं पुढं केली. चाचांनी वहीत लिहून दिलं होतं: खोक्यावर नव्हे, मालावर आयएसआयचा शिक्का बघा, सॉकेटला आयएस १२९३, बटणाला आयएस ३८५४. शेगडी, गीझर, वॉशिंग मशीनला १६ अँपिअरचंच सॉकेट. तार तांब्याची, दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, सॉकेटांना अडीच, गीझरला चार. नुसतं १६ चं सॉकेट बसवून मागं दिव्याची बारीक तार ठेवली तर जळणारी जागा फक्त सॉकेटातून भिंतीत सरकते, हे त्यांनी दोनदा बजावलं होतं. कन्व्हर्टर मागितला तर मिळेल का, म्हणून मी सहज विचारलं. मूठभर निघाले.

काम तीन दिवस चाललं. धूळ, ड्रिलचा आवाज, शेजारच्यांच्या चौकशा; त्यात सांगण्यासारखं काही नाही. नवी तार टाकल्यावर चाचांनी ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे तारेच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र, लावून वाचन घेतलं, एक मेगओहमच्या खाली यायला नको होतं, आलं नाही. खड्डा उकरून नवा पाइप, कोळसा, मीठ घातलं. आणि मीटरजवळ एक आरसीसीबी बसवला, ३० मिलिअँपिअरचा. करंट गळून दुसरीकडून, म्हणजे माणसाच्या अंगातूनही, जमिनीत जायला लागला तर हा पडतो. एमसीबी ते करत नाही.

पहिल्याच संध्याकाळी तो पडला. परत लावला, परत पडला. हे वैतागले, "नवीन आणलं आणि आणतानाच बिघडलेलं." चाचांनी फोनवरूनच एकेक पिन काढायला सांगितली. गीझरची काढली तेव्हा तो टिकला. बोअरच्या पाण्याचा क्षार बसून गीझरची कॉइल फुटली होती, कधीपासून कोण जाणे. आम्ही त्याच पाण्यानं अंघोळ करत होतो. आत्याबाईंच्या लाटण्याच्या तुकड्याला तेव्हा घरात जरा जास्तच मान मिळाला.

तो तुकडा अजून खुंटीवर आहे. बटण आता दुसऱ्या भिंतीवर, कोरडं, टक्क वाजणारं. पण आत्याबाई तिथून लाटणं उचलतात, चार पावलं चालत जातात आणि लावतात. मीसुद्धा अजून ट्यूबचं बटण वर रेटते आणि ते आधीच लागलेलं असतं.

एक नवी रीत मात्र घरात शिरली. पाण्याच्या फिल्टरमधून जे खारं पाणी वाया जातं ते आधी मोरीत जायचं. आता बादलीत साठवतो आणि दर शनिवारी मागच्या अंगणात नेऊन खड्ड्यात ओततो. तुळशीला पाणी घालून आत येता येता आत्याबाई विचारतात, "अर्थिंगला घातलं का गं?"